गेऑर्ग लुगर

गेऑर्ग योहान लुगर (६ मार्च, इ.स. १८४९ – २२ डिसेंबर, इ.स. १९२३) हे ऑस्ट्रियन शस्त्ररचनाकार होते. लुगर पिस्तूल, म्हणजेच जर्मन सैन्याचे पिस्तूल ०८, आणि ९×१९ मि.मी. पॅराबेलम हे काडतूस या दोन निर्मितींसाठी ते ओळखले जातात. त्यांच्या पिस्तुलाचे लष्करी उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच थांबले. काडतूस मात्र आजही जगातील बहुतेक देशांच्या सैन्यांत आणि पोलीस दलांत वापरात आहे. दोन महायुद्धांत अनेक देशांनी ते प्रचंड प्रमाणावर तयार केल्यामुळे लष्कराच्या शिल्लक साठ्यांतून बाहेर पडणाऱ्या पिस्तुलाच्या काडतुसांत त्याचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे लुगर यांचे जीवन आणि त्यांच्या काडतुसाची ओळख हे विषय एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

जन्म आणि शिक्षण

लुगर यांचा जन्म ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील श्टायनाख आम ब्रेनर या गावी झाला. आल्प्स पर्वतातील ब्रेनर खिंडीच्या वाटेवरचे हे गाव ऑस्ट्रिया आणि इटली यांना जोडणाऱ्या जुन्या मार्गावर आहे. त्यांचे वडील शल्यचिकित्सक होते. लुगर यांच्या शालेय वयाचा काही काळ पादुआ येथे गेला. हे शहर त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. तेथील वास्तव्यामुळे जर्मन या मातृभाषेबरोबरच इटालियन भाषाही त्यांना चांगली अवगत झाली. पुढे शस्त्रविक्रीच्या निमित्ताने अनेक देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांशी बोलणी करताना भाषांची ही जाण त्यांना उपयोगी पडली.

शालेय शिक्षणानंतर वडिलांनी त्यांना व्हिएन्ना येथील व्यापारी शिक्षणाच्या संस्थेत पाठवले. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. शस्त्ररचनेतील त्यांचे ज्ञान लष्करातील अनुभवातून आणि प्रत्यक्ष कामातून आलेले होते.

लष्करी सेवा

इ.स. १८६७ मध्ये लुगर स्वेच्छेने लष्करात दाखल झाले. त्यांची नेमबाजी उत्तम असल्याचे वरिष्ठांच्या लवकरच ध्यानात आले व त्यांना ब्रुकनॉयडॉर्फ येथील लष्करी नेमबाजी प्रशाळेत पाठवण्यात आले. काही काळातच ते तेथे प्रशिक्षक झाले. एका गोळीनंतर दुसरी गोळी आपोआप नळीत कशी भरता येईल, या प्रश्नाची गोडी त्यांना याच ठिकाणी लागली. लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचल्यावर इ.स. १८७२ मध्ये त्यांनी नियमित सेवा सोडली आणि काही वर्षे हिशेबनीस म्हणून नोकरी केली. याच सुमारास त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुलगे झाले. थोरला मुलगा पुढे अभियंता झाला.

व्हिएन्नामध्ये असताना त्यांची गाठ फेर्डिनांड फॉन मान्लिखर या ख्यातनाम बंदूक-रचनाकाराशी पडली. मान्लिखर यांच्यासमवेत लुगर यांनी रायफलीच्या मॅगझिनवर, म्हणजे काडतुसे साठवून ती एकामागून एक वर ढकलणाऱ्या भागावर, काम केले. या सहकार्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. हिशेबनिसाची नोकरी मागे पडली व शस्त्ररचना हाच त्यांचा व्यवसाय झाला.

बर्लिनमधील कारकीर्द

इ.स. १८९१ मध्ये लुगर बर्लिन येथील लुडविग लोवे या कंपनीत रुजू झाले. कंपनीची शस्त्रे परदेशी सरकारांना दाखवणे, चाचण्यांच्या वेळी हजर राहणे आणि खरेदीदारांच्या तक्रारी रचनाकारांपर्यंत पोहोचवणे असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. पुढे लोवे कंपनीचा शस्त्रविभाग व काडतुसांचा एक कारखाना एकत्र येऊन डॉयचे वाफेन उंड मुनित्सिओन्सफाब्रिकेन, संक्षेपाने डीडब्ल्यूएम, ही कंपनी स्थापन झाली. शस्त्र आणि त्याचे काडतूस एकाच छताखाली तयार होऊ लागल्याने दोहोंचा एकत्रित विचार करणे लुगर यांना सहज शक्य झाले.

याच कंपनीसाठी ह्यूगो बोर्खार्ट यांनी इ.स. १८९३ मध्ये एक स्वयंभरण पिस्तूल तयार केले होते. त्यातील मागचा अडसर माणसाच्या गुडघ्याप्रमाणे मधोमध दुमडणाऱ्या सांध्याने बंद होत असे. सांधा सरळ असताना नळी मागून पक्की बंद राही. गोळी सुटल्यावरच्या धक्क्याने नळी व सांधा एकत्र थोडे मागे सरकत. मग सांधा वर दुमडला जाई, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाई आणि नवे काडतूस आत येई. कल्पना उत्तम असली तरी पिस्तूल फार मोठे होते. त्याची मुख्य कमान मुठीच्या मागे बाहेर आलेल्या पेटीत असल्याने ते हातात नीट तोलले जात नसे.

स्वित्झर्लंडच्या लष्कराने ते पाहिल्यावर आटोपशीर पिस्तुलाची मागणी केली. बोर्खार्ट आपल्या रचनेत बदल करण्यास राजी नव्हते. त्यामुळे हे काम लुगर यांच्याकडे आले. त्यांनी दुमडणारा सांधा कायम ठेवला, कमान मुठीच्या आत नेली आणि मुठीला तिरकेपणा दिला. हातात धरताच पिस्तूल आपोआप लक्ष्याच्या रोखाने राही, हे त्या तिरक्या मुठीचे वैशिष्ट्य पुढे वाखाणले गेले. मूठ आटोपशीर व्हावी म्हणून बोर्खार्ट यांचे २५ मि.मी. लांबीच्या पुंगळीचे काडतूसही आखूड करण्यात आले. त्यातून ७.६५×२१ मि.मी. पॅराबेलम हे काडतूस तयार झाले. पॅराबेलम हे व्यापारी नाव एका जुन्या लॅटिन म्हणीतून घेतले असून त्याचा अर्थ युद्धाची सिद्धता कर असा होतो.

स्वित्झर्लंडने इ.स. १९०० मध्ये हे पिस्तूल आपल्या सैन्यासाठी स्वीकारले. लुगर यांनी खास भेट देण्यासाठी किंवा चाचणीसाठी तयार करून घेतलेल्या काही पिस्तुलांच्या सांध्याच्या मागील बाजूस त्यांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली आढळतात.

९ मि.मी. काडतूस

७.६५ मि.मी.ची गोळी हलकी आहे व तिचा आघात पुरेसा नाही, असा आक्षेप अनेक देशांच्या लष्करी समित्यांनी घेतला. जड गोळीसाठी संपूर्ण पिस्तूल नव्याने आखावे लागले असते, तर आधीच्या चाचण्यांवर झालेला खर्च वाया गेला असता. लुगर यांनी काढलेला मार्ग साधा होता. ७.६५ मि.मी. काडतुसाची पुंगळी बाटलीप्रमाणे गळ्याशी अरुंद होती. तो गळा काढून टाकून तिचे तोंड ९ मि.मी.च्या गोळीला बसेल इतके रुंद करण्यात आले. पुंगळीचा तळ होता तसाच राहिला. त्यामुळे पिस्तुलाची नळी तेवढी बदलावी लागे. अडसर, मॅगझिन आणि इतर बहुतेक भाग तेच चालत.

अशा रीतीने इ.स. १९०२ च्या सुमारास ९×१९ मि.मी. पॅराबेलम काडतूस सिद्ध झाले. आरंभी त्याची गोळी सुमारे ८ ग्रॅम वजनाची आणि टोक छाटलेल्या शंकूच्या आकाराची होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिची जागा गोलसर टोकाच्या गोळीने घेतली. त्यामुळे छाटलेल्या टोकाची लष्करी गोळी आढळल्यास ते काडतूस बहुधा आरंभीच्या काळातील असल्याचे अनुमान केले जाते.

जर्मन नौदलाने इ.स. १९०४ मध्ये ९ मि.मी.चे लुगर पिस्तूल स्वीकारले. त्याची नळी १५० मि.मी. लांबीची होती. इ.स. १९०८ मध्ये भूदलाने १०० मि.मी. नळीचा प्रकार स्वीकारला आणि त्याला पिस्तूल ०८ हे नाव मिळाले. मॅगझिनमध्ये आठ काडतुसे बसत. तोफखान्यासाठी २०० मि.मी. नळीचा प्रकारही काढण्यात आला.

अमेरिकेत मात्र लुगर यांना यश लाभले नाही. अमेरिकी सैन्याने इ.स. १९०१ मध्ये चाचणीसाठी एक हजार पिस्तुले विकत घेतली होती. पुढे .४५ इंच व्यासाच्या गोळीची अट घालण्यात आली. लुगर यांनी त्या व्यासाची मोजकी पिस्तुले इ.स. १९०७ च्या चाचण्यांसाठी नेली. परंतु कंपनीने पुढील स्पर्धेतून माघार घेतली व इ.स. १९११ मध्ये जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेची निवड झाली. त्याच अमेरिकी सैन्याने इ.स. १९८५ मध्ये .४५ चे पिस्तूल बाजूला ठेवून ९×१९ मि.मी.चे पिस्तूल स्वीकारले.

पहिले महायुद्ध

युद्ध सुरू झाल्यावर डीडब्ल्यूएम आणि एर्फुर्ट येथील सरकारी शस्त्रागार या दोन्ही ठिकाणी पिस्तूल ०८ चे उत्पादन वेगाने होऊ लागले. तरीही मागणी पुरी होईना. तेव्हा जर्मन सैन्याने माउझर कंपनीकडे तिच्या सी-९६ या पिस्तुलांची मोठी मागणी नोंदवली. मूळ माउझर पिस्तूल ७.६३ मि.मी.चे होते. सैन्याला एकाच प्रकारचे काडतूस हवे असल्यामुळे ही पिस्तुले ९ मि.मी. पॅराबेलमसाठी बनवण्यात आली. दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असल्याने सैनिकांची गल्लत होण्याचा धोका होता. म्हणून नव्या पिस्तुलांच्या लाकडी मुठीवर ९ हा मोठा आकडा कोरून तो लाल रंगाने भरण्यात आला. काडतुसाची ओळख पटवण्यासाठी शस्त्रावरच खूण करण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी जर्मनीने एमपी-१८ हे हलके स्वयंचलित शस्त्र रणांगणावर आणले. त्यासाठी लुगर यांचेच काडतूस वापरले गेले. एका हाताच्या पिस्तुलासाठी आखलेले काडतूस सलग गोळीबाराच्या शस्त्रासाठीही योग्य ठरले आणि त्याचा प्रसार वाढला. युद्धातील मनुष्यहानीतही त्याचा वाटा त्याच प्रमाणात वाढला.

अखेरची वर्षे

युद्धातील पराभवानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर कडक निर्बंध आले. डीडब्ल्यूएमचे उत्पादन मर्यादित झाले. याच काळात एकस्व अधिकारांच्या मोबदल्यावरून लुगर यांचे कंपनीशी बिनसले. जवळजवळ तीन दशके ज्या व्यवसायसमूहासाठी काम केले त्याच्याशी त्यांना उतारवयात न्यायालयात झगडावे लागले. न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला, पण तोवर जर्मन चलनाची किंमत कोसळू लागली होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरसाठी ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. या महागाईत लुगर यांच्या हाती फारसे काही उरले नाही. २२ डिसेंबर, इ.स. १९२३ रोजी बर्लिनजवळील श्योनआयखं येथे वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नावाविषयी

लुगर हे नाव पिस्तुलाला मूळ निर्मात्यांनी दिलेले नाही. डीडब्ल्यूएम कंपनी ते पॅराबेलम या नावाने विकत असे. जर्मन सैन्यात ते ०८ या आकड्याने ओळखले जाई. लुगर हे नाव इंग्रजी भाषिक देशांत, विशेषतः अमेरिकेत, रूढ झाले. तेथील स्टोगर या आयातदार कंपनीने इ.स. १९२९ मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले.

परिणामी एकाच काडतुसाला आज अनेक नावे आहेत. ९ मि.मी. लुगर, ९ मि.मी. पॅराबेलम, ९ मि.मी. पारा आणि ९×१९ ही सर्व नावे एकाच आकाराच्या काडतुसाची आहेत. ९ मि.मी. नाटो हाही याच आकाराचा, परंतु नाटो संघटनेच्या लष्करी मानकानुसार भरलेला प्रकार आहे. याउलट केवळ ९ मि.मी. असे म्हटल्याने काडतूस निश्चित होत नाही. ९×१७ मि.मी. कॉर्टो, ९×१८ मि.मी. माकारोव, ९×२० मि.मी. ब्राउनिंग लाँग, ९×२३ मि.मी. स्टायर, ९×२३ मि.मी. लार्गो आणि ९×२५ मि.मी. माउझर ही सारी वेगवेगळी काडतुसे आहेत. पहिला आकडा गोळीचा स्थूल व्यास दाखवतो व दुसरा पुंगळीची लांबी दाखवतो. पहिला आकडाही काटेकोर नसतो. माकारोवची गोळी प्रत्यक्षात सुमारे ९.२७ मि.मी. व्यासाची असते, तर लुगर यांच्या काडतुसातील गोळी सुमारे ९.०१ मि.मी.ची असते.

महात्मा गांधींच्या हत्येत ३० जानेवारी, इ.स. १९४८ रोजी वापरण्यात आलेले बेरेटा पिस्तूलही ९ मि.मी.चेच होते. मात्र ते ब्राउनिंग यांच्या रचनेचे ९×१७ मि.मी. कॉर्टो काडतूस वापरणारे होते. लुगर यांच्या काडतुसाशी त्याचा संबंध नाही.

लष्करी साठ्यातील काडतुसांची ओळख

युद्धसमाप्तीनंतर किंवा शस्त्रे बदलल्यानंतर सैन्यांकडे उरलेली काडतुसे अनेक देशांत लिलावाने विकली जातात. त्यांची ओळख पटवण्याचे मुख्य साधन म्हणजे पुंगळीच्या तळावरील ठसा. त्यावरून साधारणपणे कारखाना आणि उत्पादनाचे वर्ष समजते. लष्करी काडतुसावर त्याचे नाव बहुधा लिहिलेले नसते. नागरी विक्रीच्या काडतुसावर ते असते.

डीडब्ल्यूएम कंपनीने आपल्या प्रत्येक काडतुसाला क्रमांक दिले होते. त्यांत ७.६५ मि.मी. पॅराबेलमचा क्रमांक ४७१ आणि ९ मि.मी. पॅराबेलमचा ४८० होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने कारखान्यांची नावे लपवण्यासाठी छोट्या अक्षरांचे संकेत वापरले. ए-यू-एक्स हा माग्डेबुर्ग येथील पोल्टे कारखान्याचा, डी-एन-एच हा डुर्लाख येथील कारखान्याचा, तर सी-एच हा जर्मनव्याप्त बेल्जियममधील एर्स्टाल येथील कारखान्याचा संकेत होता. नाटोच्या मानकाप्रमाणे बनवलेल्या काडतुसावर वर्तुळात अधिकचे चिन्ह असते.

ठशाखेरीज धातूही पाहिला जातो. युद्धकाळात पितळेची टंचाई झाल्याने जर्मनीने रोगण लावलेल्या पोलादी पुंगळ्या काढल्या. शिसे वाचवण्यासाठी गोळीच्या गाभ्यात लोखंड घालण्यात आले. अशा गोळीला काळा रंग दिलेला असे. लोहचुंबक लावून गोळी तपासण्याची पद्धत प्रचलित आहे. परंतु पुष्कळ गोळ्यांचे बाहेरचे कवच पोलादी असते, म्हणून चुंबक चिकटल्याने गाभाही लोखंडाचाच आहे असे सिद्ध होत नाही.

बाह्य मापे जुळली म्हणून काडतूस योग्य आहे असेही ठरत नाही. इटलीच्या सैन्याने इ.स. १९१० मध्ये स्वीकारलेल्या ग्लिसेंटी पिस्तुलाचे काडतूस मापाने लुगर यांच्या काडतुसासारखेच आहे, पण त्यातील दारूचा भार कमी आहे, कारण त्या पिस्तुलाची बांधणी तितकी भक्कम नाही. लुगर यांचे पूर्ण भाराचे काडतूस त्यात सहज बसते आणि तेथेच धोका निर्माण होतो. उलट ग्लिसेंटीचे सौम्य काडतूस लुगर पिस्तुलात घातले, तर सांधा पुरेसा मागे न जाता पिस्तूल अडकू शकते. काही देशांनी हलक्या स्वयंचलित शस्त्रांसाठी अधिक भाराची ९ मि.मी. काडतुसे काढली. तीही जुन्या पिस्तुलांना मानवत नाहीत.

शस्त्रावरील खुणाही तितक्याच महत्त्वाच्या ठरतात. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर स्टायर कंपनीची जुनी पिस्तुले लुगर यांच्या काडतुसासाठी बदलण्यात आली व त्यांवर ०८ हा आकडा ठोकण्यात आला. तो आकडा नसलेल्या स्टायर पिस्तुलाचे मूळ काडतूस ९×२३ मि.मी.चे असते.

जुन्या साठ्याचा वापर

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरतो. हा क्षार मिठासारखा हवेतील ओलावा शोषून घेतो आणि नळी गंजते. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून अशी काडतुसे वापरल्यावर नळी व अडसर आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून, मग तेल लावण्याची पद्धत आहे. नुसते तेल लावल्यास गंज थांबत नाही. अपायकारक क्षार न सोडणारी सिनॉक्सिड ही टोपी जर्मनीत इ.स. १९२८ मध्ये आली. परंतु अनेक देशांची सैन्ये त्यानंतरही दीर्घकाळ जुन्याच प्रकारच्या टोप्या वापरत राहिली. टिकाऊपणाची खात्री हे त्यामागचे कारण होते.

युरोपातील लष्करी पुंगळ्यांत बहुधा बर्डन पद्धतीची टोपी असते. तिच्यासाठी पुंगळीच्या तळाला आतून दोन लहान छिद्रे असतात. बॉक्सर पद्धतीत मधोमध एकच छिद्र असते. बर्डन पुंगळीतील वापरलेली टोपी काढणे कठीण असल्याने अशा पुंगळ्या सहसा पुन्हा भरल्या जात नाहीत. टोपीवर हिरवट थर आलेली, पुंगळीला तडा गेलेली, गोळी आत दबलेली किंवा सैल झालेली काडतुसे त्याज्य मानली जातात. जुने काडतूस चाप ओढल्यानंतर क्षणभर उशिरानेही उडू शकते. त्यामुळे ते न उडाल्यास शस्त्राचे तोंड किमान अर्धा मिनिट लक्ष्याकडेच ठेवण्याचा नियम नेमबाजीच्या मैदानांवर पाळला जातो. एखाद्या वेळी आवाज दबका आल्यास गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत पुढचे काडतूस भरणे जिवावर बेतू शकते.

भारतात

लुगर यांचे काडतूस भारतीय सैन्य व पोलीस दले दीर्घकाळ वापरत आली आहेत. ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार होणारे ९ मि.मी. १-ए पिस्तूल आणि कानपूर येथे तयार झालेली ९ मि.मी. कार्बाइन या दोन्ही शस्त्रांत तेच वापरले जाते. महाराष्ट्रात काडतुसांचे दोन मोठे सरकारी कारखाने आहेत. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना इ.स. १८६९ मध्ये स्थापन झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखाना स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. खडकीच्या जुन्या इंग्रजी नावावरून आलेली के-एफ ही अक्षरे आणि वरणगावची ओ-एफ-व्ही ही अक्षरे काडतुसांच्या तळावर आढळतात. काडतुसांचे परदेशी संग्राहकही या खुणा ओळखतात.

भारतात ९ मि.मी.च्या लष्करी काडतुसांचा समावेश प्रतिबंधित प्रकारात होतो. सामान्य नागरिकाला शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये मिळणाऱ्या परवान्यावर ती बाळगता येत नाहीत. त्यामुळे लष्कराची शिल्लक काडतुसे विकत घेण्याची काही पाश्चात्त्य देशांतील प्रथा येथे नाही. परसात, विहिरीत किंवा जुन्या पेटीत अशी काडतुसे सापडल्यास ती न हाताळता पोलिसांना कळवणे आवश्यक असते.

वारसा

जर्मन सैन्याने इ.स. १९३८ मध्ये पिस्तूल ०८ ऐवजी वाल्टर पी-३८ स्वीकारले. लुगर पिस्तुलाचा सांधा अचूक घडवण्यास वेळ आणि पैसा फार लागे, शिवाय चिखल व कमजोर काडतुसे यांमुळे तो अडकत असे. वाल्टरची यंत्रणा पूर्णपणे वेगळी होती. काडतूस मात्र लुगर यांचेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या स्टेन या शस्त्रासाठी शत्रूचेच हे काडतूस निवडले. हस्तगत केलेला साठाही त्यामुळे वापरता येई. ७.६५ मि.मी.चे पिस्तूल सर्वप्रथम स्वीकारणाऱ्या स्वित्झर्लंडनेही इ.स. १९४९ मध्ये ९ मि.मी.चे नवे पिस्तूल घेतले.

लुगर पिस्तूल आज प्रामुख्याने संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे पाहावयास मिळते. काडतूस टिकण्यामागे लुगर यांची काटकसरी दृष्टी होती. नव्या गोळीसाठी जुना तळ कायम ठेवल्याने शस्त्र फारसे न बदलता काम भागले. पुढे इतरांनीही हीच मापे घेऊन आपापल्या गरजेनुसार सौम्य किंवा तीव्र भाराची काडतुसे बनवली. म्हणून बाहेरून एकसारखी दिसणारी ही काडतुसे आतून एकसारखी असतीलच असे नाही, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्यांच्या तळावरचा ठसा वाचावा लागतो.